पूर्वपक्षाविना पंडित

मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की आपल्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. ज्याला शेतीतलं कळत नाही त्याला शेती खातं, जो शाळेत कधी रमला नाही त्याला शिक्षण खातं. त्यापेक्षा त्या त्या विषयातली जाणकार माणसं का नेमत नाहीत? यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: पुस्तकी माणसाला राजकारण झेपत नाही. विषय परराष्ट्र धोरणाचा असेल तर या उत्तराला पुरावा म्हणून तुर्कस्तानच्या अहमत दावुतोग्लू यांचं नाव पुढे केलं जातं. प्राध्यापक, ग्रंथकार, मग सल्लागार, परराष्ट्रमंत्री आणि शेवटी पंतप्रधान. ‘शेजाऱ्यांशी शून्य समस्या’ हे त्यांचं ब्रीद होतं आणि त्यांच्याच कारकिर्दीत बहुतेक शेजाऱ्यांशी तुर्कस्तानचं बिनसलं. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातून बशर अल-असाद यांना पळ काढावा लागला, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही बळ मिळालं. असाद जाणार हे प्राध्यापकांचं भाकीत बरोबरच होतं, जगाला ते कळायला वेळ लागला, असं या बाजूचं म्हणणं.

मला हे दोन्ही युक्तिवाद लंगडे वाटतात. विद्वानांनी मंत्री व्हावं की होऊ नये, हा प्रश्नच मुळात चुकीचा विचारला जातो आहे. आपल्या शास्त्रार्थाच्या पद्धतीत स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागे. म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला जमलं असतं त्याहून नेटकं मांडायचं आणि मगच ते खोडायचं. खोडता आलं नाही तर हार मानायची. ही शिस्त एकट्यानं पाळायची नसते. ती पाळायला लावणारी सभा समोर असावी लागते. दावुतोग्लू सत्तेत गेले ते सिद्धान्त घेऊन. ही सभा, म्हणजे विद्यापीठातले समकक्ष, त्यांच्याबरोबर आली नाही. आणि दुसरीकडे ती मोडली जात होती तेव्हा राज्याच्या पंतप्रधानपदी तेच होते. त्यांच्या अपयशाचं मूळ मला इथे दिसतं.

माणूस कच्चा नव्हता, हे आधी नीट मान्य करायला हवं. १९५९ साली कोन्या प्रांतातल्या ताशकेंत नावाच्या डोंगराळ गावात जन्म. शिक्षण इस्तंबूलमध्ये, जर्मन माध्यमाच्या नामांकित शाळेत. पुढे बॉस्फरसच्या काठावरच्या बोआझिची विद्यापीठात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, तिथेच डॉक्टरेट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियातल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठात अध्यापन, परतल्यावर इस्तंबूलच्या मारमारा आणि बेयकेंत विद्यापीठांत. २००१ मध्ये त्यांचा ‘स्त्रातेजिक देरिन्लिक’, म्हणजे ‘सामरिक खोली’, हा जाडजूड ग्रंथ आला. त्यातलं मुख्य प्रतिपादन थोडक्यात असं: तुर्कस्तान हा युरोपच्या दारात ताटकळणारा किंवा पूर्व-पश्चिमेला जोडणारा नुसता पूल नाही. बाल्कन, कॉकेशस आणि मध्यपूर्व या तिन्हींच्या मधोमध बसलेला तो केंद्रस्थ देश आहे. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या वारशाकडे पाठ फिरवून प्रजासत्ताकानं आपल्याच इतिहास-भूगोलातून मिळणारी खोली गमावली. ती परत मिळवायची.

पुढच्याच वर्षी एर्दोगान यांचा एकेपी पक्ष सत्तेवर आला आणि प्राध्यापकमहाशय पंतप्रधानांचे परराष्ट्र विषयावरचे मुख्य सल्लागार झाले. मे २००९ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा ते खासदारही नव्हते. कोन्यातून ते निवडून आले ते २०११ मध्ये. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

सुरुवातीची दोन वर्षं खरोखर झपाट्याची होती. ऑक्टोबर २००९ मध्ये झ्युरिकला आर्मेनियाबरोबर संबंध सुरळीत करण्याच्या दस्तऐवजांवर सह्या झाल्या. १९१५ च्या आर्मेनियन संहाराच्या शतकभराच्या जखमेवर एवढं धाडस त्याआधी कुणी केलं नव्हतं. सीरियाशी व्हिसामुक्त प्रवास सुरू झाला. सर्बिया आणि बोस्नियाला एका मेजावर बसवण्यात आलं. मे २०१० मध्ये ब्राझीलच्या जोडीनं तेहरान करार झाला: इराणनं १२०० किलो कमी समृद्ध युरेनियम तुर्कस्तानात ठेवायचं आणि बदल्यात तेहरानच्या संशोधन अणुभट्टीसाठी १२० किलो इंधन घ्यायचं. महासत्तांनी तो करार बाजूला सारला, जूनमध्ये सुरक्षा परिषदेनं इराणवर नवे निर्बंध लादले, तुर्कस्तान आणि ब्राझीलनं विरोधात मत दिलं. त्या करारातली कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. हे काम पुस्तकी माणसाला झेपत नव्हतं, असं कोण म्हणेल?

मग घसरण कुठे झाली? बहुतेक लोक २०११ च्या अरब उठावांकडे बोट दाखवतात, आणि दावुतोग्लू यांचे समर्थकही तिकडेच बोट दाखवतात. ट्युनिशियातल्या एका फेरीवाल्याच्या आत्मदहनातून सगळा प्रदेश पेटेल हे कुणालाच दिसलं नव्हतं, मग एकट्या तुर्की मंत्र्याला दोष का? हा आक्षेप रास्त आहे. भाकीत चुकल्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. वादळ येईल हे कळलं नाही, हा गुन्हा नव्हे. वादळ आल्यावर नकाशा तपासून पाहिला का, हे विचारता येतं.

९ ऑगस्ट २०११. निदर्शकांवरची लष्करी कारवाई थांबवा, असं सांगायला दावुतोग्लू दमास्कसला असाद यांच्यासमोर बसले. सहा तासांहून अधिक बोलणी झाली. दुसऱ्या दिवशी हामा शहरातून रणगाडे मागे घेतल्याचं जाहीर झालं, तुर्की राजदूत स्वतः हामात जाऊन पाहून आला. काही दिवसांतच लष्कर पुन्हा वस्त्यांमध्ये घुसलं. इथपर्यंत मंत्री म्हणून त्यांनी जे केलं ते कुणाही प्रामाणिक माणसानं केलं असतं. पण त्यानंतर धोरणाचा लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. ज्या राजवटींशी शून्य समस्या ठेवायची होती, त्या आता जाणारच असं गृहीत धरलं गेलं. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी अंकाराच्या संसदेत सांगितलं की नवी मध्यपूर्व जन्माला येते आहे आणि तिचे धनी, अग्रणी आणि सेवक आपण असू. त्याच ऑगस्टमध्ये असाद यांच्या राजवटीचं उरलेलं आयुष्य त्यांनी महिन्यांत आणि आठवड्यांत मोजलं. ती राजवट आणखी बारा वर्षं टिकली.

‘धनी, अग्रणी आणि सेवक’ ही भाषा आली कुठून? ग्रंथातूनच आली. उस्मानी वारसा हे भांडवल आहे, त्या भूमीतली माणसं तुर्कस्तानकडे आपलं माणूस म्हणून पाहतील, हा त्या प्रतिपादनाचा पाया होता. आता यावरचा पूर्वपक्ष पाहा. तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. ६ मे १९१६ रोजी उस्मानी सेनापती जमाल पाशा यानं बैरूत आणि दमास्कसमध्ये अरब राष्ट्रवाद्यांना चौकात फासावर चढवलं. दोन्ही शहरांतले ते चौक हुतात्मा चौक म्हणून ओळखले जातात आणि दोन्ही देशांत ६ मे हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या हुतात्मा दिन म्हणून पाळला गेला. म्हणजे तुर्की मंत्र्याला ज्या आठवणीत आपुलकी दिसत होती, त्या आठवणीत तिथल्या शाळकरी पोरांना फासाचा दोर दिसत होता. दावुतोग्लू यांना हा इतिहास ठाऊक नसेल? त्यांना तो तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक होता. एखाद्या परिसंवादात त्यांनी हेच प्रतिपादन केलं असतं तर बैरूतचा कुणी अभ्यासक उठून जमाल पाशाचं काय म्हणून विचारता झाला असता, आणि उत्तर दिल्याशिवाय त्यांना खाली बसता आलं नसतं. परराष्ट्र खात्यात मंत्र्याच्या ग्रंथातलं गृहीतक चुकीचं आहे असं मंत्र्यालाच कोण सांगणार? आणि हाताखालच्यानं सांगितलंच तर ते ऐकलं पाहिजे, असा नियम कुठे आहे?

२०१३ च्या अखेरीस दमास्कस, कैरो आणि तेल अवीव या तिन्ही शहरांतल्या वकिलातींत तुर्कस्तानचा राजदूत नव्हता. या अवस्थेसाठी तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांच्या गोटातले आणखी एक अभ्यासक, इब्राहिम कालिन, यांनी शब्द काढला: ‘मोलाचं एकाकीपण’. या शब्दाचं मला फार वाईट वाटतं. विरोधात जाणारी वस्तुस्थिती समोर आल्यावर गृहीतक तपासायचं हे अभ्यासकाचं काम. इथे अभ्यासकाचं भाषेवरचं प्रभुत्व वस्तुस्थितीला नवं नाव देण्यासाठी वापरलं गेलं. जून २०१४ मध्ये मोसूल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं, तिथल्या तुर्की वकिलातीतली ४९ माणसं ओलीस धरली गेली आणि सप्टेंबरमध्ये सुटली. सीरियातून आलेल्या निर्वासितांची संख्या पुढे ३६ लाखांवर गेली. एवढ्यांना आसरा देणं ही तुर्कस्तानची मोठीच माणुसकी होती, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे.

आता असाद गेल्याच्या मुद्द्याकडे येतो. दावुतोग्लू यांना शेवटी इतिहासानं न्याय दिला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: रोग्याला आठवड्याभरात उतार पडेल असं वैद्यानं सांगितलं, बारा वर्षं घर धुऊन निघालं आणि शेवटी वेगळ्याच कारणानं ताप उतरला, तर निदान बरोबर होतं म्हणायचं का? राजवट कोसळली ती तिचे पाठीराखे, रशिया, इराण आणि हिजबुल्ला, दुसऱ्या लढायांत गुंतले किंवा खिळखिळे झाले तेव्हा. लाखो माणसं त्याआधी मेली होती. आठवडे आणि महिने मोजून आखलेलं धोरण या हिशेबातून सुटत नाही.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. खरे निर्णय एर्दोगान यांचे होते, दावुतोग्लू नुसते मुखवटा, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. स्वतःचा मतदार नसलेला, पक्षात मुळं नसलेला, केवळ नेत्याच्या मर्जीनं आलेला तज्ज्ञ नेत्याला ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणणार? विद्वानाचा एकमेव स्वतंत्र जोर म्हणजे त्याच्या क्षेत्रातली प्रतिष्ठा, त्याच्यामागे उभं असलेलं विद्यापीठ, त्याचे समकक्ष. त्या जोराचं दावुतोग्लू यांनी काय केलं?

११ जानेवारी २०१६ रोजी तुर्कस्तानातल्या ११२८ अध्यापक-संशोधकांनी एक निवेदन प्रसिद्ध केलं. आग्नेयेकडच्या कुर्द शहरांत संचारबंदी होती, दियारबाकिरच्या सूर भागात तोफा धडधडत होत्या. ते थांबवा आणि वाटाघाटींकडे परता, अशी मागणी होती. निवेदनात कुर्द बंडखोरांच्या हिंसेबद्दल चकार शब्द नव्हता. ही त्या निवेदनाची उणीव होती, ती दाखवण्याचा हक्क कुणालाही होता, आणि प्राध्यापक असलेल्या पंतप्रधानाला तर तो सर्वांत जास्त होता. उत्तर लिहायचं, खोडून काढायचं, जाहीर वादाला बोलवायचं. झालं ते वेगळंच. आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या एर्दोगान यांनी सह्या करणाऱ्यांवर तोफ डागली, सकाळी सकाळी अध्यापकांच्या घरी पोलीस गेले, चौकशा बसल्या. मार्चमध्ये चौघांना तुरुंगात टाकलं गेलं, त्यांतल्या एक अध्यापिका दावुतोग्लू यांच्याच बोआझिचीतल्या. या सगळ्या काळात पंतप्रधान तेच होते. त्याच सुमारास उद्ध्वस्त सूर आपण स्पेनच्या तोलेदोसारखं देखणं उभारू, असं ते सांगत होते. ढिगाऱ्यांत आपली घरं शोधणाऱ्या माणसांना त्या वाक्यानं काय वाटलं असेल, याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

निवेदनानंतर चारेक महिन्यांनी, १ मे २०१६ ला, इंटरनेटवर एक निनावी लेख आला. ‘पेलिकन’ नावानं तो ओळखला जातो. पंतप्रधानांनी अध्यक्षांशी कशी गद्दारी केली, याची जंत्री त्यात होती. ५ मे रोजी दावुतोग्लू यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला ४९.५ टक्के मतं मिळाली होती, तरी एका निनावी मजकुरापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. जाताना त्यांनी ग्वाही दिली की अध्यक्षांविरुद्ध एक शब्दही आपल्या तोंडून कुणी ऐकणार नाही. त्यांच्या बाजूनं उभं राहायला तेव्हा कोण होतं? विद्यापीठांना स्वतःचीच भ्रांत होती. जुलैतल्या फसलेल्या लष्करी उठावानंतर वटहुकूमांनी हजारो अध्यापक बडतर्फ झाले. त्या शरद ऋतूत कुलगुरू निवडण्याचा अध्यापकांचा अधिकारही गेला.

तुर्कस्तानातच याहून वेगळी उदाहरणं आहेत आणि वाद घालताना ती सोयीस्कर विसरली जातात. फुआत कोप्रुलू हे तुर्की साहित्येतिहासाचे जगन्मान्य अभ्यासक १९५० ते १९५६ या काळात, मधले काही महिने सोडले तर, परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्याच वेळी देश नाटोत गेला. पण ते मर्जीनं आलेले नव्हते. पुढे पंतप्रधान झालेल्या मेंदेरेस यांच्याबरोबर डेमोक्रॅट पक्ष स्थापन करणाऱ्या चौघांपैकी ते एक होते, आणि पक्ष हुकूमशाहीकडे झुकतो आहे असं दिसल्यावर १९५७ मध्ये तो सोडून निघाले. तान्सू चिल्लर बोआझिचीच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. त्या पंतप्रधान असताना १९९४ मध्ये व्याजदर जबरदस्तीनं खाली दाबायच्या नादात तुर्की चलन लिराचं मूल्य निम्म्याहून अधिक घसरलं. पदवी होती, विषय ऐन त्यांच्या अभ्यासाचा होता. उलट केमाल दर्विश. प्रिन्स्टनमध्ये शिकवलेले, वीसेक वर्षं जागतिक बँकेत काढलेले अर्थतज्ज्ञ. २००१ मध्ये बँका कोसळत असताना त्यांना बोलावून मंत्री केलं गेलं. त्यांनी काय केलं? मध्यवर्ती बँकेला सरकारपासून स्वायत्तता देणारा कायदा आणला, बँकेनं सरकारी तिजोरीला उधार देणं बंद केलं, सरकारी बँकांमधला राजकीय हात आखडला. मंत्र्याला उद्या मोह झाला तरी हात बांधलेले राहतील, अशी ही तजवीज होती. २००४ पर्यंत महागाईचा दर एकेरी आकड्यात आला आणि त्याचं राजकीय श्रेय एर्दोगान यांना मिळालं. पुढे गव्हर्नरामागून गव्हर्नर काढले गेले, स्वायत्तता नावापुरती उरली, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली. दर्विश यांनी ‘मी चुकलो तर मला कोण अडवेल’ याची सोय आधी केली. दावुतोग्लू यांच्या कारकिर्दीत अशी सोय मला कुठेच सापडत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक प्राध्यापक-मंत्री आठवल्याशिवाय राहणार नाही. सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडून बाहेर पडले. हिंदू कोड बिल गुंडाळलं गेलं हे मुख्य कारण, पण एकमेव नव्हे. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करू देण्याआधी त्याची प्रत मागितली गेली, तेव्हा ते सभागृहातून उठून आले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. अर्थशास्त्राचा अभ्यास असून नियोजनाचं काम मिळालं नाही इथपासून अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, आणि बिलाचं काय काय झालं इथपर्यंत सगळं मुद्द्यागणिक. कुणीही उठून प्रत्येक मुद्दा खोडावा, अशा रीतीनं लिहिलेलं. परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. बाबासाहेबांच्या मागे त्यांची स्वतःची चळवळ होती आणि नेहरूंचा भारत म्हणजे २०१६ चा तुर्कस्तान नव्हे. तरी सत्तेतून बाहेर पडताना अभ्यासक काय बरोबर आणतो, हे त्या निवेदनात दिसतं.

दावुतोग्लू यांनी काय आणलं? तीन वर्षं मौन पाळलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते म्हणाले: दहशतवादाच्या वह्या उघडल्या तर अनेकांना लोकांना तोंड दाखवता येणार नाही, आणि इतिहासात ७ जून ते १ नोव्हेंबर २०१५ हा काळ सर्वांत कठीण म्हणून नोंदला जाईल. या दोन तारखा दोन निवडणुकांच्या. पहिलीत पक्षाचं बहुमत गेलं, दुसरीत परत आलं. मधल्या काळात सुरुचला बॉम्बस्फोट झाला, त्यात ३३ माणसं गेली, बहुतेक तरुण. अंकाराच्या रेल्वे स्थानकासमोर शांतता मोर्चात शंभराहून अधिक माणसं मेली. देशाचा त्या वेळचा पंतप्रधान सांगतो की वह्या आहेत, आणि उघडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी गेलेजेक, म्हणजे ‘भविष्य’, पक्ष काढला. त्याच महिन्यात, ज्या प्रतिष्ठानाच्या संस्थापकांपैकी ते एक, त्यानं उभारलेल्या इस्तंबूल शेहिर विद्यापीठाचा ताबा काढून घेतला गेला, आणि जून २०२० च्या अखेरीस एका अध्यक्षीय आदेशानं विद्यापीठच बंद झालं. ग्रंथालय, वर्ग, हजारो विद्यार्थी, सगळं एका रात्रीत दुसऱ्याच्या हवाली. तेव्हा दावुतोग्लू यांनी ज्ञानाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. चार वर्षांपूर्वी बोआझिचीतल्या अध्यापिकेच्या बाबतीतही ते तितकंच खरं होतं.

त्या बोआझिचीत जानेवारी २०२१ मध्ये वरून नेमलेला कुलगुरू आला. झगे घातलेले अध्यापक दुपारी हिरवळीवर गोळा होऊ लागले आणि कुलगुरूंच्या इमारतीकडे पाठ करून गुमान उभे राहू लागले. पावसात, बर्फात, महिनोन्‌महिने. त्यांच्यापैकी कुणी मंत्री होणार नाही आणि कुणाच्या हाती परराष्ट्र धोरण येणार नाही. पण दावुतोग्लू मंत्री होते तेव्हा त्यांना ज्या सभेची गरज होती, ती या हिरवळीवर उभी होती. २०२३ मध्ये विरोधकांच्या आघाडीतून दावुतोग्लू यांच्या पक्षाचे दहा खासदार निवडून आले. ते स्वतः उमेदवार नव्हते, पण २०१५ च्या वह्यांत काय आहे हे सांगू शकणाऱ्या मोजक्या माणसांत ते आहेत. त्यांनी त्या वह्या तारीखवार, मुद्द्यागणिक, खोडता येतील अशा रीतीनं जाहीरपणे वाचाव्यात.